फुटवे

रिकामी सीट असताना उभ्यानं जाणाऱ्या प्रवाशावर माझा विश्वास नसतो. एसटीत कंडक्टरकी करून करून हा स्वभावच होऊन गेला. तिकीट न काढलेला उभा राहतो, सीटखाली नको ते सामान सरकवलेला उभा राहतो, दुसऱ्याच्या खिशावर डोळा असलेला उभा राहतो. बाकी माणूस बुड टेकायला जागा दिसली की बसतो. म्हणून त्या मे महिन्यात नागभीडहून ब्रह्मपुरीला येताना माझी सख्खी मोठी बहीण अर्ध्या रिकाम्या गाडीत दांडा धरून उभी राहिली, तेव्हा मी तिच्याकडे आधी कंडक्टर म्हणून बघितलं आणि मग बहीण म्हणून.

मी तिला बाई म्हणते. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. नागभीडजवळच्या एका गावात तिचं सासर, धानाची शेती, पोरं कामाधंद्याला बाहेर, घरी ती आणि भाऊजी. बस म्हटलं तर म्हणाली, पाय आखडले, उभीच बरी. मशीनमधून तिचं अर्धं तिकीट काढून देताना मला पावडरचा वास आला. बाई आणि पावडर? स्वतःच्या लग्नातही तिनं तोंडाला काही लावू दिलं नव्हतं. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण चालत्या गाडीत मी घरचं भांडण काढत नाही. पण संशय एकदा माझ्या डोक्यात चढला की तो पुढच्या थांब्यावर उतरत नाही.

मग मी माग काढायला लागले. त्या वर्षी बाई तेंदूपत्त्याला गेली नव्हती. वाघ फिरून राह्यला, मी नाई येत, असं तिनं गावात सांगितलं होतं. हे मला पटेना. वाघ आमच्याकडे दरवर्षीच फिरतो आणि बाया घोळक्यानं, आवाज करत जातातच. ह्याच बाईनं एकदा धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, वाघाचे पंजे उमटलेले पाहिले होते आणि तिथंच बसून डबा खाल्ला होता. पौर्णिमेला विहारात सगळ्या चटईवर बसत तर ही मागं भिंतीला टेकून उभी असते, असंही कानावर आलं. सीटवर नाही, चटईवर नाही, बायांच्या घोळक्यात नाही. मी सुट्टी टाकून तिच्या घरी जाऊन बसले आणि मागच्या दोरीवर जुन्या साडीच्या घड्या वाळत घातलेल्या बघितल्या. पाळी बंद होऊन कितीतरी वर्षं झालेल्या बाईच्या दोरीवर त्या घड्यांचं काय काम होतं?

विचारल्यावर आधी तिनं हसण्यावारी नेलं. मग म्हणाली, बंद झालेलं परत सुरू झालं, होते एखादीले. पांढरं जाणं तर कधीचंच होतं, ते ती आजारात धरतच नव्हती. त्याला वास यायला लागला तेव्हा पावडर आणली, आणि बसल्या जागी डाग पडेल म्हणून चारचौघांत बसणं सोडलं. भाऊजींनी आरमोरीकडच्या कुणाकडून तरी मुळीची पूड आणली होती, ती ताकातून घेणं चालू होतं. मी पुडी उघडली, हुंगली आणि चुलीत टाकली. भाऊजींचं तोंड उतरलं. मला त्यांचा राग आला होता, तसा तो मला पुष्कळदा येतो.

चंद्रपूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, कोल्हापूरकडच्या. बोलणं स्वच्छ, पण एवढं गोड की मी सावध झाले. बाईला टेबलावर झोपवलं, मी तिचा हात धरून उभी. गर्भपिशवीच्या तोंडाशी त्यांनी व्हिनेगरसारखं काहीतरी लावलं, दुर्बीण पुढं ओढली आणि हिरवा उजेड टाकला. तेच सगळं शेजारच्या पडद्यावर दिसत होतं. बाईनं डोळे गच्च मिटलेले, म्हणून त्या मलाच दाखवत होत्या. निरोगी जागी रक्ताच्या नसा मोठीतून लहान, लहानीतून बारीक अशा शिस्तीत जातात. इथं त्या कुठूनही निघत होत्या, वाकड्या होऊन वळत होत्या आणि मधेच संपत होत्या. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण बेशिस्त मी लांबून ओळखते. तपासणीसाठी तुकडा काढला. बाहेर भाऊजी म्हणाले, तुकडा काढला का पसरते म्हणते. डॉक्टरीणबाईंनी तसं काही नसतं म्हणून समजावलं. मी दोघांकडेही संशयानं बघत होते.

निकाल ऐकायला गेलो तेव्हा भाऊजींनी डॉक्टरीणबाईंना दारातच गाठलं आणि हात जोडले. तिच्यासमोर तो शब्द काढू नका, ती खचून जाईन. हे आमच्याकडे सर्रास चालतं. ज्याचा आजार, त्यालाच शेवटी कळतं. डॉक्टरीणबाई कुरकुरल्या, म्हणाल्या उपचार त्यांनी घ्यायचे आहेत तर त्यांना माहीत हवं, मी आज फक्त गाठ म्हणेन, घरी गेल्यावर तुम्ही सांगा. आम्ही दोघांनी माना डोलावल्या. मग बाईला आत घेतलं आणि त्यांनी शक्य तितकं सोपं करून सांगितलं. गाठीला वाढायला रक्त लागतं. असलेलं रक्त पुरत नाही, म्हणून ती आजूबाजूच्या नसांना नवे फाटे फोडायला लावते. आणि बाईकडे बघून, शेतकरी घरातली बाई म्हणून मुद्दाम, म्हणाल्या, "तुमच्या इथं बरेच फुटवे फुटलेत, मावशी. आता थांबून चालणार नाही."

पुढं नागपूरला शेक घ्यावे लागतील, सोबत सलाईनमधून औषध, हे सांगितलं. शेक म्हणजे मशीनचे किरण, पण तो शब्द आता सगळेच वापरतात. ह्या सगळ्या वेळात मी डॉक्टरीणबाईंचे डोळे बघत होते, ते खरं बोलतात की नाही म्हणून. बाईकडे बघायला हवं होतं. बाहेर आल्यावर बघितलं तर ती हसत होती. गाडीत खिडकीशी बसली, हो, बसली, आणि सिंदेवाहीपर्यंत रोवणीच्या, धानाच्या लावणीच्या, गोष्टी करत राहिली. तिचं ते हसू मला आवडलं नाही. एवढं ऐकून कोण हसतं?

नागपूरला भाऊजी नेणार असं ठरलं होतं. मी ड्युटीवर गेले आणि रोज फोन करत राहिले. आज जातो, उद्या जातो, असं होता होता एक दिवस ते म्हणाले, रोवणी झाल्यावर जातो. माझं डोकं फिरलं. पावसाळ्याच्या तोंडावर बायका मिळत नाहीत आणि बाईसारखा हात चालणारी तर गावात दुसरी नाही. मला लख्ख दिसायला लागलं, ह्या माणसाला रोवणी काढून घ्यायची आहे. तो शब्द तिच्यापासून लपवायलाही ह्यानंच सांगितलं होतं. एकाला एक जोडत गेले तसं सगळं जुळत गेलं. फोनवर मी त्यांना नको नको ते बोलले. ते मधे एका अक्षरानं बोलले नाहीत, आणि गप्प बसणारा माणूस तर मला आणखीच लबाड वाटतो.

बदली ड्युटी मिळेपर्यंत रोवणी उरकलेली होती आणि धान हिरवंगार उभं राहिलं होतं. मी तडक घरी गेले. भाऊजी ओसरीत बसले होते, दाढी वाढलेली. मी पुन्हा सुरू केलं. ह्या वेळी मात्र ते बोलले.

"तिलेच इचार. मी दोनदा गाडी बोलावली. ती नाई म्हणते. मी का बांधून नेऊ?"

बाई बांधीत होती. मी चपला धुऱ्यावर काढल्या आणि चिखलात उतरले. ती वाळली होती, ओठ पांढरे, पण चेहऱ्यावर तेच चंद्रपूरचं हसू. मी काही बोलायच्या आत तिनं वाकून धानाचा एक बुंधा मुठीत धरला आणि पसरून दाखवला. एका काडीचे किती झाले बघ, यंदा फुटवे चांगले आहेत. आणि मग म्हणाली, "डॉक्टरीन म्हणे ना, तसेच. मलेबी बरेच फुटून राह्यले म्हणे."

मी तिथंच उभी राहिले. पाय रुतत होते, काढायचं सुचत नव्हतं. धान करणाऱ्या बाईला फुटवे म्हणजे एकच गोष्ट. ज्याला फुटवे जास्त, त्याला लोंब्या जास्त. रोवणीनंतर माणूस त्याचीच वाट बघतो, धान फुटलं नाही तर रात्रीची झोप जाते. तिच्या अंगात रक्त कमी आहे हे तिला लहानपणापासून ऐकवलेलं. आता डॉक्टर स्वतः सांगते की रक्ताला फुटवे आले, आणि थांबून चालणार नाही, म्हणजे कामाला लागा. नागपूरचे शेक तिनं वरचं टॉनिक धरले होते. चांगलं फुटून राह्यलं त्याले शेक कायले द्यायचे, असं तिनं भाऊजींना सांगून टाकलं होतं. त्यांना खरं सांगायची हिंमत झाली नाही, आणि मला वाटत होतं की ते रोवणी काढून घेतायत. मी सगळ्यांवर पहारा ठेवला होता आणि एका शब्दावर कुणीच ठेवला नव्हता.

मी म्हटलं, बाई, ते चांगले फुटवे नाहीत. ती म्हणाली, फुटवा वाईट कसा राहीन? तिच्या आवाजात मला वेडी समजल्याचा सूर होता. मी इकडेतिकडे बघितलं. शेती सोडून मला बरीच वर्षं झाली, तरी बांधीत सावा, धानातलं तण, कुठं आहे ते मला अजून दिसतं. धानासारखाच हिरवा, धानासारखीच पात, नवख्याला धानच वाटावा. मी बोट दाखवून विचारलं, हे काय? तिनं बघितलंही नाही नीट, म्हणाली सावा. याला फुटवे किती, मी विचारलं. ती सहज सांगायला गेली, धानापेक्षा जास्त, आणि तिथं थांबली.

ती त्या साव्याकडं बघत राहिली. मग वाकली, बुडाशी धरून तो मुळासकट उपटला, चिखल झटकला आणि धुऱ्यावर फेकला.

"म्हणजे तो माह्याच रक्तावर फुटून राह्यला," ती म्हणाली. आणि मग, "कॅन्सर हाय ना?"

आम्ही जो शब्द लपवत होतो तो तिनंच काढला. मला रडू आलं. ती रडली नाही. तिचं ते हसू मात्र गेलं, आणि ज्या हसण्यावर मी इतके दिवस दात धरून होते ते गेलेलं मला बघवेना. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं नागपूरला होतो. भाऊजींची मी माफी मागितली नाही. संशय चुकला म्हणजे घेणंच चुकलं असं मी अजूनही मानत नाही. पण वाटेत चहा घेतला तेव्हा त्यांचा कप मी आधी भरला, आणि त्यांना ते कळलं.

नागपुरात शेकाच्या आधी बाईला रक्त चढवलं. आता संशयाची पाळी तिची होती. नळीतून थेंब थेंब उतरणाऱ्या त्या लाल रंगाकडं बघत ती म्हणाली, हे बी सावाच पिईन ना? मी तेच विचारत होते मनात. शेकाचे डॉक्टर वयस्क होते आणि गोड बोलत नव्हते, त्यामुळं त्यांना विचारायला सोपं गेलं. ते म्हणाले, प्रश्न बरोबर आहे. गाठीनं ओढून घेतलेल्या नसा वाकड्यातिकड्या असतात, गळक्या असतात, त्यांतून रक्त धड पोचत नाही. जिथं रक्त पोचत नाही तिथं प्राणवायू नाही, आणि जिथं प्राणवायू नाही तिथं किरणांचा मारा कमी बसतो. म्हणून रक्त वाढवून मग शेक द्यायचे.

मी म्हटलं, म्हणजे जास्त नसा असणं चांगलं की वाईट, एक काय ते सांगा. ते म्हणाले, दोन्ही. जास्त नसा म्हणजे गाठीला पोसायला आणि बाहेर पडायला वाटा जास्त. पण काही गाठींत त्याच वाटांनी शेकाचं काम सोपं होतं. ह्यावर अभ्यास करणाऱ्यांचंही एकमत नाही, कुणाला असं दिसलं, कुणाला तसं. नुसत्या नसा बघून मी तुमच्या बहिणीचं भविष्य सांगणार नाही. गाठ किती मोठी, कुठवर गेली, अंगात रक्त किती, आणि शेक मधे खंड न पडता पूर्ण होतात की नाही, ह्यावर जास्त आहे. पुढं कधी आजार उलटला तर नव्या नसा रोखणारं इंजेक्शन आहे, पण ते आज नाही. मला उत्तर हवं होतं आणि त्यांनी मला त्याचे दोन तुकडे दिले. तिकीट एक तर असतं किंवा नसतं. हा माणूस काय टाळतोय, असं मी दोन-तीनदा बाहेर येऊन भाऊजींना म्हटलं. भाऊजी म्हणाले, त्याले नसन मालूम. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ज्यांना माहीत नसतं ते लोक मला तोवर कधी तसं सांगणारे भेटले नव्हते.

बाईनं एकही शेक चुकवला नाही. जुलाब झाले, लघवीला आग व्हायची, जेवण नकोसं झालं, तरी सकाळी वेणी घालून तयार. शेवटी आतून देतात तो शेक झाला, त्या दिवशी मात्र ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली आणि तिनं मला हात लावू दिला नाही. मी तिच्या पायांशी बसून होते. ही जगावी, एवढंच मला हवं होतं, आणि ते कुणाकडं मागायचं ते कळत नव्हतं.

धान कापून, चुरून पोत्यांत भरल्यावर आम्ही चंद्रपूरला त्याच डॉक्टरीणबाईंकडं तपासायला गेलो. फुटव्याची गोष्ट मी त्यांना मधेच एकदा फोनवर सांगितली होती. म्हणून आता त्या एकेक शब्द चाचपून वापरत होत्या. पुन्हा तेच टेबल, तोच हिरवा उजेड. पडद्यावर आता फिक्कट, सपाट जागा होती, ओळखू येऊ नये इतकी. त्या म्हणाल्या, सगळं कोरडं आहे, वण धरलाय, नव्या नसा दिसत नाहीत. आज तरी चांगलं आहे. त्यातलं ‘आज तरी’ मी पकडलं. ह्या वेळी बाईनं डोळे उघडे ठेवले होते आणि ती पडद्याकडं बघत होती.

"पडीत पडली म्हना," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंना पडीत कळलं नसावं, मी सांगितलं, पडीक जमीन. त्या हसल्या, म्हणाल्या, हो मावशी, पडीक असलेलीच बरी. बाई उठून बसली, पदर सारखा केला आणि अगदी शांतपणे बोलली.

"पडीत वावरात सगळ्यात पहिले सावाच येते, मॅडम. तुम्ही बोलवान तवा मी येतो."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. मला वाटलं होतं की चांगलं ऐकल्यावर बाई हसेल. तिनं पुढच्या तपासणीची तारीख विचारली, पाठ केली आणि चपला घातल्या. आयुष्यभर घरात संशय घेणारी मी एकटी होते, आणि बाई जे सांगाल ते खरं मानणारी. तिच्या भोळेपणावर मी किती चिडायची. आता ती माझ्यासारखी झाली होती, आणि तिचं ते अडाणी, खोटं, बांधीतलं हसू मला परत हवं होतं.

येताना नागभीडच्या गाडीत जागा होती. कंडक्टर माझ्या ओळखीचा, त्यानं आम्हाला पुढची सीट दिली. बाई बसली आणि सिंदेवाहीनंतर तिचा डोळाही लागला. नागभीडला उतरायला उठलो तेव्हा मी सवयीनं मागं वळून सीट बघितली. तीही वळली होती. आमची नजरानजर झाली, दोघींनी एकदमच नजर काढून घेतली. सीट कोरडी होती. बाईनं तरीही वाकून त्यावर एकदा हात फिरवला, तळवा उजेडात धरून बघितला आणि मग खाली उतरली.